दोर धरणाऱ्याचं कार्य

“मग मी चुकीचं काय शिकवलं, तेवढं सांगा सर.”

आवटी सर डाळिंबाच्या आळ्यात पाणी घालत होते. बादली रिकामी झाली, तरी त्यांनी ती सरळ केली नाही.

“सर...”

“ऐकतोय.”

“कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तू जागची हललीच नाही, तर विस्थापन शून्य. म्हणजे कार्य शून्य. हे मला तुम्ही शिकवलं. मी नववीत होतो तेव्हा.”

“हो.”

“मग?”

“मग काय? उत्तर बरोबर आहे.”

अंकुशची मान ताठ झाली. “हेच आमच्या घरी येऊन सांगा. तुमचं ऐकतील.”

सरांनी बादली खाली ठेवली.

अंकुश माझ्यासारखाच त्यांचा जुना विद्यार्थी. आता गावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पोरगा हुशार, फक्त हे त्याचं त्यालाच जरा लवकर कळलं. सर निवृत्त होऊन मळ्यात एकटे राहतात. त्यांच्याकडे माणसं दोन कारणांनी येतात. एक, काही अडलं म्हणून. दोन, आपलं खरं आहे यावर शिक्का मारून घ्यायला. अंकुश शिक्का मारून घ्यायला आला होता.

पण आला होता अनवाणी. भर उन्हात, तापलेल्या वाटेनं. ते सरांनी पाहिलं होतं.

“झालं काय ते सांग,” सर म्हणाले. “सूत्र नको. झालं ते.”

अंकुशनं सांगितलं.

त्याचे वडील, आण्णा, विहिरी खोदतात. सुरुंग उडवला की फुटलेला दगड यारीनं वर निघतो, पण भिंतीत अडकून राहिलेले सैल दगड पाडायला माणसालाच दोरावर उतरावं लागतं. ते उतरणं अंकुशच्या वडलांचं. वर दोर धरून उभं राहणं म्हाळूमामाचं. म्हाळूमामा म्हणजे अंकुशच्या आईचा थोरला भाऊ. अंकुशला आठवतं तेव्हापासून हे असंच आहे.

काल अंकुश नववीचा वर्ग तिथं घेऊन गेला. बल, गती, ऊर्जा, सगळं मुलांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. कल्पना चांगलीच होती. त्यानं यारी दाखवली, कप्पी दाखवली. मग त्याचं लक्ष मामाकडे गेलं.

“काय म्हणालास?”

“म्हणालो, हे बघा. हे दोर धरून उभे आहेत. घाम येतोय, दंड थरथरतायत. पण दोर हलत नाही. मग यांचं कार्य किती?”

“मुलं काय म्हणाली?”

“शून्य. सगळी एका सुरात म्हणाली.”

“बरं.”

“एका पोरानं विचारलं, मग ह्यांना मजुरी कशाची देतात? सगळी हसली.”

“आणि तू?”

अंकुश रिकाम्या बादलीकडे पाहू लागला.

“आणि तू, अंकुश?”

“मीही हसलो. म्हणालो, खरंय. इथं एक पहार ठोकून दोर बांधला, तरी पहारही तेवढंच काम करील.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सर ते म्हणाले नाहीत.

“मामा काय म्हणाला?”

“तेव्हा काहीच नाही. आण्णा खाली होते. त्यांचं झालं, त्यांना वर घेतलं. मग दोर गुंडाळला... माझ्या पायाशी ठेवला. म्हणाला, ‘पहार ठोका, सर.’”

“तुला ‘सर’ म्हणाला?”

“हो. मामा मला अंक्या म्हणतो. कालपर्यंत अंक्याच म्हणायचा.”

वारा पडला होता. मळ्यात कुठं पान हलत नव्हतं.

“आज?”

“आज सकाळी सुरुंग उडवलाय. मामा आला नाही. मी दारात गेलो, तर आत बसून राहिला. आण्णांनी काठावर पहार ठोकली. मी म्हटलं, आण्णा, थांबा. तर म्हणाले, ‘शास्तर तुझं, जीव माझा. बघू.’ उन्हं कलली की उतरणार आहेत.”

सरांनी झाडाची सावली पाहिली. ती अजून बुंध्याशीच होती.

“पहार खोल आहे?”

“गुडघाभर. खडकात.”

“हलते?”

“नाही.”

“दोर नवा?”

“नवा आहे.”

“मग कशाला घाबरलास?”

“मी घाबरलो नाही.”

सरांनी त्याच्या पावलांकडे पाहिलं. अंकुशनंही पाहिलं. तळवे लाल झाले होते.

“मी फक्त विचारायला आलो,” तो म्हणाला.

“मीही एक विचारू? दोर म्हाळूच का धरतो? दुसरं कुणी का नाही?”

“पद्धत आहे आमच्यात. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा.”

“का?”

सर थांबले. उत्तराची वाट पाहायची त्यांना जन्माची सवय. वर्गातही पोरं कंटाळून खरं बोलेपर्यंत ते असेच उभे राहायचे.

“बहिणीचं कुंकू असतं त्या दोरावर...” अंकुश म्हणाला.

“खाली गेलेला माणूस वर काय ओरडतो?”

“हाय का?”

“आणि वरून?”

“हाय.”

“एवढंच?”

“एवढंच. खालून घडीघडी विचारायचं, वरून सांगायचं. जुनी माणसं... काहीतरी लावून दिलेलं. त्यानं दोराच्या ताणात काही फरक पडत नाही.”

“नाही पडत,” सर म्हणाले. “चल. माझंही एक काम राहिलंय.”

त्यांनी ओसरीवरून दोराचं वेटोळं घेतलं, कोयता घेतला, आणि विहिरीकडे चालू लागले.

जुनी, दगडांनी बांधलेली विहीर. काठावर मोटेच्या काळातला दगडी खांब अजून उभा. आतल्या भिंतीत, बऱ्याच खाली, पिंपळाचं रोप उगवलं होतं आणि त्याच्या मुळांनी दोन दगड पुढं ढकलले होते. उतरायला भिंतीतून बाहेर आलेले दगड होते, एकाखाली एक, शेवाळानं काळे पडलेले. तळाला पाणी जेमतेम, त्यातून खडकांची टोकं वर आलेली.

सरांनी दोराचं एक टोक खांबाला बांधलं. दुसरं स्वतःच्या कमरेला बांधू लागले.

“सर, हे काय? तुम्ही कशाला?”

“पिंपळ काढायचाय.”

“मी काढतो.”

“तुला विहिरीत उतरता येतं?”

अंकुशला येत नव्हतं. विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा, पण बापानं त्याला कधी काठाजवळ फिरकू दिलं नव्हतं. पुस्तकं दिली होती.

“मग मी दोर धरतो,” तो म्हणाला.

“कशाला? खांब आहे की.” सर गाठ आवळत होते. “तू धरलास तर तुझं कार्य किती?”

“सर...”

“किती?”

“शून्य.”

“आणि खांबाचं?”

“शून्य.”

“मग खांब बरा. त्याला घाम येत नाही. तू जा घरी. उन्हं कलतील.”

ते काठावर बसले. पाय आत सोडले. सत्तरी उलटलेला माणूस, हात काटकुळे, डोळ्यांवर जाड काचा. त्यांनी चष्मा काढून काठावर ठेवला.

“जा म्हटलं ना.”

आणि ते उतरले.

अंकुश उभाच राहिला. त्याला राग आला होता. म्हातारा नाटक करतोय, असं त्याला वाटलं, आणि ते नाटक त्याच्यासाठी चाललंय हेही कळत होतं. गुरूची विद्या गुरूला ऐकवली, म्हणून म्हातारा डाव उलटवतोय. ठीक आहे. गाठ पक्की होती. खांब पिढ्यान् पिढ्या उभा होता. शास्त्र खोटं नव्हतं.

तो वळला आणि फाटकाकडे चालू लागला.

“हाय का?”

विहिरीतून आवाज आला. पोकळ, लांबचा.

अंकुश चालत राहिला.

“हाय का?”

तो फाटकापाशी पोचला. कडीला हात लावला. कडी तापली होती. उत्तर द्यायचं काही कारण नाही, तो स्वतःशी म्हणाला. उत्तरानं ताणात फरक पडत नाही.

तो तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिला.

हाक आली नाही.

...

कोयत्याचा घाव ऐकू येईल म्हणून त्यानं कान दिला. काही ऐकू आलं नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. खांब दिसत होता. खांबाला बांधलेला दोर दिसत होता. पण खांब ते काठ, एवढ्या जागेत दोर जमिनीवर सैल पडला होता. दोन-तीन वेढे नुसतेच मातीत लोळत होते.

आणि मग जे त्यानं गेल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं, ते त्याच्या पोटात उतरलं. गाठ पक्की आहे, पण ती धरणार केव्हा? हे वेढे संपल्यावर. तोपर्यंत माणूस पडत राहणार. पडताना वेग वाढणार, गतिज ऊर्जा वाढणार, आणि ती सगळी एका झटक्यात त्या म्हाताऱ्या कमरेत थांबणार. नाहीतर त्याआधीच खडकावर.

मामा दोर कधी सैल पडू देत नसे. आण्णा हातभर वर आले की मामाचे हात हातभर मागं. आण्णा उतरले की तेवढाच दोर पुढं. कधी ओढायचा नाही, कधी सोडायचा नाही. अंकुशनं ते लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्याला ते उभं राहणं वाटलं होतं.

तो धावला.

काठावर पोचताच त्यानं सैल दोर गोळा केला, भराभर मागं घेतला. ताण लागेपर्यंत घेतला. मग मामा घेतो तसा कमरेमागून वळवला, काठाच्या दगडाला पाय लावले.

“हाय!” तो ओरडला. “सर, हाय!”

खालून उत्तर नाही.

“सर!”

खाली पाण्यात काहीतरी पडलं. आणि दोराला हिसका बसला.

अंकुश गुडघ्यांवर आदळला असता, पण पाय दगडाला होते. दोर हातातून बोटभर सरकला, कातडी घेऊन सरकला, आणि थांबला. सगळं वजन आता त्याच्या हातांत होतं. म्हातारा हडकुळा दिसायचा. तो इतका जड असेल, असं अंकुशला वाटलं नव्हतं.

त्याला ओढता येईना. ओढायला एक हात सोडावा लागला असता. सोडता तर येतच नव्हतं. मागं खांबाला गाठ होती, पण गाठ आणि हात यांच्यामध्ये मघा गोळा केलेला सगळा सैल दोर पडला होता. हात सुटले, तर सर तेवढे खाली जाणार होते. खाली खडक होते.

तो घाबरला. साधा, लहान पोरासारखा घाबरला.

“अंकुश.”

सरांचा आवाज होता. शांत. वर्गातला.

“सर! पाय लावा! कुठंतरी पाय लावा!”

“शोधतोय. दिसत नाही मला. चष्मा वर आहे.”

“लवकर...”

“तू काय करतोयस?”

“धरलंय!”

“दोर हलतोय?”

“नाही!”

“अजिबात नाही?”

“नाही सर, नाही हलू देत!”

“मग कार्य किती?”

अंकुशनं दात आवळले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. दंड थरथरत होते. काल नववीतल्या पोरांना त्यानं हेच दंड दाखवले होते, फक्त ते मामाचे होते.

“किती, अंकुश?”

त्याला रडू येत होतं.

खाली पाय भिंतीला घासल्याचा आवाज आला. थांबला. परत आला.

“हाय का?”

“हाय!”

“हाय का?”

“हाय, सर... हाय...”

किती वेळ गेला, हे अंकुशला सांगता येत नाही. त्यानं मला हे सगळं सांगितलं तेव्हाही इथं तो अडला. म्हणाला, तेवढ्या वेळात मी काहीच केलं नाही, पण एवढं कधी काही केलंही नाही. मी विचारलं, यातलं कुठलं खरं? तर म्हणाला, दोन्ही.

मग दोर हलका झाला. सरांचा पाय दगडावर टेकला होता.

अंकुशनं दोर मागं घेतला. सर एक दगड चढले, की तेवढाच घेतला. जास्त नाही, कमी नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हात आपसूक तसे चालले. मधून मधून खालून हाक येत होती आणि तो उत्तर देत होता.

आधी काठावर पिंपळाचं रोप आलं, हातानं उपटलेलं, मुळांसकट. मग सरांचा हात. मग सर.

ते काठावर बसून राहिले. धाप लागली होती. गुडघा फुटला होता. कोयता खालीच राहिला होता.

पाय निसटला, की सरांनीच काढला, हे अंकुशला आजही ठाऊक नाही. मी सरांना विचारलेलं नाही. माझी तेवढी छाती नाही.

अंकुशनं चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. काचेवर रक्ताचा ठसा उमटला. सरांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि डोळ्यांवर लावला. मग अंकुशचे दोन्ही हात धरून तळवे उलटून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“शून्य,” अंकुश म्हणाला. “सर, शून्यच.”

“उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले. “पहिल्यापासून बरोबर होतं.”

डाळिंबाच्या सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. अंकुशनं त्या पाहिल्या आणि ताडकन उठला. आण्णा आता काठावर उभे असतील. पहारीला दोर बांधत असतील. पहारीपासून काठापर्यंत दोर मातीत लोळत असेल, आणि त्यांच्या हाकेला...

“सर, मी जातो. आधी मामाकडे जातो. पाया पडतो, माफी मागतो... पण तो बोलणार नाही. मला अहोजाहो करील. दार लावून घेईल. मामाला सांगू काय मी?”

सरांनी कमरेची गाठ सोडली. मग खांबाची सोडली. दोर शांतपणे गुंडाळला, एकेक वेढा सारखा करून. आणि ते वेटोळं अंकुशच्या खांद्यावर टाकलं.

“सांगू नकोस,” ते म्हणाले. “हा त्याच्या हातात दे, विहिरीत तू उतर... आणि तिथून विचार, ‘हाय का?’”